स्क्रीनवर तीस, डोळ्यात शेहेचाळीस

४ नोव्हेंबर, मंगळवार

आपटली! नवी मशीन आपटली!

मी ओरडत होते — चाक अडकतंय, उचलून घ्या, उचलून घ्या! ऐकतंय कोण! दोघे धटिंगण, त्यातला एक कानाला मोबाईल लावून ढकलतोय. एक नंबरच्या ऑपरेशन थिएटरातून दोन नंबरमध्ये न्यायची, वीस पावलं. दाराच्या लोखंडी पट्टीत चाक बसलं आणि मशीन भिंतीवर आदळून आडवी.

सर धावत आले. माझ्याकडे बघितलंच नाही. "चालू करा." चालू केली. ही मशीन स्वतःची तपासणी स्वतःच करते. सगळ्या खुणा हिरव्या. "बघा, काही झालेलं नाही. सिस्टर, तोंड का उतरलंय? केसेस घ्या."

म्हटलं, सर, कंपनीच्या माणसाला एकदा दाखवू या. म्हणाले, हिरवं आहे ना? मग झालं तर!

घेतल्या. तीन केसेस. एक बसचा ड्रायव्हर, एक शाळेतल्या निवृत्त बाई, एक म्हातारबाबा. तिघांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन. नेहमीसारखं झालं. सर मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून बसतात, मान वर करत नाहीत. ते पाण्याच्या दाबाचा आकडा म्हणतात, मी बटण दाबते आणि तोच आकडा परत म्हणते. "तीस." "तीस." आधी बटणाऐवजी बाटली वरखाली करायचे, बाकी सतरा वर्षं हेच. सर स्क्रीनकडे बघत नाहीत, कधीच नाही. या मशीनला बोलताही येतं, आतून एक बाई प्रत्येक आकडा ठणकावून सांगते. सरांनी पहिल्याच दिवशी तिचं तोंड बंद करायला लावलं — "थिएटरात एका वेळी एकच बाई बोलेल, आणि ती आमची सिस्टर!" सगळे हसले. मी पण हसले. खोटं कशाला लिहू, छाती फुगली होती.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन केसेस. पाय सुजलेत. ताईने पाय चेपून दिले आणि वर ऐकवलं, "डोळ्याच्या दवाखान्यात नोकरी, आणि झिजतात ते पाय!"

९ नोव्हेंबर, रविवार

ताई सकाळपासून शिलाई मशीनपाशी पुटपुटत होती. शर्टाची कॉलर उसवायची, शिवायची, परत उसवायची.

"ही शिवण कोणी वाकडी केली गं?"

"घरात दोघीच आहोत. मला तर बटण लावता येत नाही."

मी जाऊन बघितली. शिवण अगदी सरळ! दोरीसारखी. म्हटलं, ताई, जरा खिडकीकडे बघ. गज कसे दिसतात? ती बघत राहिली. म्हणाली, "मधले दोन आत वळलेत की. कोणी धडकलं होतं का?"

गज सरळ आहेत.

उजवा डोळा नऊ वर्षांपूर्वी गेला तिचा. पडदा सुटला होता आणि ही बाई पंधरा दिवस गप्प — का, तर शाळेच्या गणवेशांची ऑर्डर होती! मला सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. डोळ्याच्या थिएटरातली सिस्टर मी, आणि माझ्याच घरात हे. तेव्हापासून डावा एकटा आहे. त्या एकट्यावर ही सुईत दोरा ओवते, माझे केस किती पिकलेत ते मोजते, भाजीवाल्याच्या तराजूचा काटा दुरून ओळखते.

तो डावा आता सरळ रेषा वाकड्या बघतोय. उद्याच्या उद्या तपासायला नेते. नाही म्हणाली तर फरफटत नेईन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पडद्यावर पातळ पापुद्रा आलाय. ओढून पडद्याला सुरकुत्या पाडतोय. सरांनी स्वतः बघितलं. "काढायला लागेल. महिन्याभरात. फार थांबू नका." १ डिसेंबर, सोमवार. दिवसातली पहिली केस.

घरी आल्यावर ताईची चौकशी सुरू. "तू तिथे नक्की करतेस काय गं? फक्त आकडे बोलतेस म्हणे."

शेजाऱ्यांचा रबरी चेंडू आमच्या गॅलरीत पडला होता, तोच घेतला हातात. म्हटलं, हा तुझा डोळा. आत जेली आहे. सर बारीक नळीने ती जेली कापून ओढून घेतात. जेवढं बाहेर काढलं तेवढं पाणी दुसऱ्या नळीने आत गेलं पाहिजे. कमी गेलं तर चेंडू चेपतो, आतल्या रक्तवाहिनीला हिसका बसतो, फुटते. जास्त गेलं तर चेंडू दगड होतो, आणि मागे जी नस आहे तिला रक्त मिळत नाही. सुकते. त्या पाण्याच्या पंपाचा दाब माझ्या बोटाखाली.

ताईने चेंडू दाबून बघितला. सोडला. परत दाबला.

"म्हणजे तू माळीणच आहेस की. नळ सोडायचा, नळ बंद करायचा."

"हो. बागेत एकच झाड आहे एवढंच."

का बोलले असं! तिने चेंडू माझ्या हातात परत ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ड्रायव्हर तपासणीला आला. पडदा छान चिकटलाय. आणि दिसतं काय? समोर धरलेली बोटं. बस्स. मुलगी कडेवर घेऊन आला होता, दुसरा डोळा झाकून तिचा चेहरा शोधत होता.

आमच्याकडे एक पोरगी तक्त्यावरची अक्षरं वाचून घेते — आम्ही तिला अक्षरवालीच म्हणतो. ती मला जिन्यात धरून म्हणाली, "मावशी, त्यांची नस पांढरी पडलीय. शाळेतल्या बाईंची पण. दोघं एकाच दिवशीचे ना? चार तारखेचे?"

सरांना विचारलं. "वेळ लागतो सिस्टर. डोळा आहे, दिवा नाही, बटण दाबलं की लागला."

चार तारीख. माझ्या डोक्यातून जात नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मुद्दाम लक्ष ठेवलं. "तीस." "तीस." दहा मिनिटांत डोळ्याच्या काचेवर धूर. सर चिडचिडले, "दिसत नाहीये नीट, पुसा!" पुसून जातो का तो! आत दाब वाढला की काच अशीच धुरकटते, हे मी पहिल्या वर्षी शिकले. सरांना हत्यारं देणाऱ्या समोरच्या सिस्टरने केस संपल्यावर डोळ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पण ठेवलं.

दगड.

आणि स्क्रीनवर? तीस. हिरव्यागार अक्षरांत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सात वाजता गेले, कोणी यायच्या आत. पर्समध्ये ताईची कापड मोजायची टेप.

जुन्या मशीनला पंप नव्हता. बाटली स्टँडवर टांगायची, जेवढी उंच तेवढा दाब. डोळ्यापासून एक्केचाळीस सेंटिमीटर वर म्हणजे तीस. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. मग उलटंही खरं असणार ना? पंपाने तीसच्या दाबाने ढकललं तर उभ्या नळीत पाणी एक्केचाळीसपर्यंतच चढेल, त्यावर नाही.

डोळ्यात जाणारी नळी घेतली, तिला लांब पारदर्शक नळी जोडली, स्टँडला उभी चिकटवली. शेजारी टेप लावली. मशीनवर तीस केलं.

पाणी चढलं. एक्केचाळीसवर थांबेना. पन्नास. साठ. साडेबासष्टवर उभं राहिलं.

तीनदा केलं. तीनदा साडेबासष्ट.

भागाकार केला. स्क्रीनवर तीस, डोळ्यात शेहेचाळीस. चाळीस करून बघितलं — छप्पन्न. साठ केलं — शहात्तर! प्रत्येक वेळी सोळाने जास्त. म्हणजे रक्त थांबवायला सर "साठ" म्हणतात ना, आणि मी शहाण्यासारखी "साठ" म्हणते, तेव्हा आम्ही त्या डोळ्याची नस चिमटीत धरून बसलेलो असतो.

ड्रायव्हरला दोनदा साठ केलं होतं. मीच केलं. या बोटाने.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. दार लावून, हळू आवाजात.

सरांनी आधी ऐकून घेतलं. मग हसले. "शिंप्याच्या टेपने? सिस्टर, या मशीनचा सेन्सर केसाच्या दहाव्या भागाएवढं मोजतो, आणि तुम्ही सलाईनची नळी लावून त्याला खोटं पाडताय?"

"सर, तुम्ही स्वतः येऊन बघा."

मग हसू गेलं. "हे बघा. बाहेर एक शब्द गेला ना, तर उद्यापासून इथे पेशंट येणार नाही. तुमची नोकरी, माझी नोकरी, खालच्या पंचवीस जणांची नोकरी. कळतंय? कंपनीचा माणूस बोलावतो. तो काय म्हणेल ते अंतिम."

जुनी मशीन काढा म्हटलं, तर ती विकली म्हणे. मागच्या महिन्यातच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीचा माणूस आला. आम्ही त्याला सूटकेस म्हणतो, कारण सूटकेस कधी उघडत नाही, फक्त घेऊन फिरतो. आजही नाही उघडली. बटण दाबलं, मशीनने स्वतःला तपासलं, मशीन पास. कागद छापला, सही ठोकली.

मी म्हटलं, परीक्षा देणारीही तीच आणि पेपर तपासणारीही तीच, नापास कशी होईल?

"मॅडम, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हे जुन्या काळातलं यंत्र नाही."

मॅडम म्हणे! अस्सा राग आला होता, नळी त्याच्याच गळ्यात बांधावीशी वाटली. सरांनी कागद फाईलला लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली — झालं समाधान?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी ते केलं. लिहू का नको, लिहू का नको, असं झालंय. पण कुठेतरी लिहायला हवं.

सर म्हणाले, "तीस." मी चौदा केलं. आणि तोंडाने म्हटलं, "तीस."

स्क्रीन माझ्याकडे तोंड करून असते. समोरची सिस्टर ट्रेमध्ये बघत असते. मशीनमधल्या बाईचं तोंड बंदच आहे. कोणाला कळणार!

डोळ्याची काच बघितली. स्वच्छ! शेवटपर्यंत स्वच्छ. सर खुशीत, गुणगुणत होते. केस संपल्यावर बोट लावलं. जसा असावा तसा डोळा.

खोटं बोलले का मी? डोळ्यात तीसच होते. खोटं मशीन बोलतेय, मी तर खरा आकडा सांगतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रोज सकाळी सातला नळी लावायची, टेपने मोजायची, मगच केस. हा माझा नियम. आजही साडेबासष्ट. तीसला चौदा, चाळीसला चोवीस, साठला चव्वेचाळीस — पाढ्यासारखं पाठ झालंय. पाच केसेस झाल्या अशा. पाचही छान. एक आजोबा तर दुसऱ्याच दिवशी घड्याळ वाचून दाखवत होते सगळ्यांना!

ताई घरभर टेप शोधतेय. "माझी टेप कुठे गेली? तूच घेतलीस, बुटके." मी बुटकी नाही, ती उंच आहे, पण लहानपणापासून हेच नाव. मी म्हटलं, मला काय करायचीय टेप? आता हिच्याशी पण खोटं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ड्रायव्हरचा भाऊ आला होता. खाली काउंटरवर आवाज चढला. "बस चालवणारा माणूस घरी बसवलात तुम्ही!" सर खाली गेलेच नाहीत. केबिनचं दार लावून बसले.

दुपारी मला बोलावलं. चेहरा असा की मला वाटलं आता काढतायत नोकरीवरून. पण हळूच विचारलं, "सिस्टर, ते तुम्ही नळीने मोजलं होतं... किती फरक आला होता नेमका?"

"सोळा. जास्त."

चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी खिशात. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बरं. विसरून जा ते."

ओठांवर आलं होतं माझ्या. सर, मी सोळा कमी करते रोज, तेव्हापासून सगळं ठीक आहे. सांगणारच होते! पण 'विसरून जा' म्हणाले ना, तो आवाज ऐकला आणि तोंड मिटलं. परवानगीशिवाय आकडा बदलणारी सिस्टर कोण ठेवून घेईल? आणि सोमवारी ताईची केस आहे. त्या दिवशी मशीनपाशी मीच असायला हवी. दुसरी कोणी नको. ती बिचारी खरंच तीस दाबेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षरवाली म्हणाली, "मावशी, रागावू नका. तुमच्या ताईंना दुसरीकडे न्या. मोठ्या सरकारी दवाखान्यात." तिथे चौकशी केली मी, आधीच केली होती. चार महिन्यांची रांग. चार महिन्यांत त्या पापुद्र्याने पडद्याला भोक पाडलं तर?

ताईचंही मन डगमगतंय. संध्याकाळी चहा पिताना म्हणाली, "राहू दे का गं? वाकडं तर वाकडं. दिसतंय तरी. वाकडी शिवण मी बोटाने सरळ करीन."

"ताई, मी असते ना मशीनपाशी."

"तू असशील ना? नक्की?"

"मी असेन. दुसरं कोणी हात लावणार नाही."

"मग ठीक," म्हणाली, आणि दुसरा कप मागितला. एवढंच लागलं तिला.

देवाशपथ, मलाही एवढंच वाटतंय. जगात त्या मशीनचा खोटेपणा ओळखणारी एकटी मीच आहे. माझ्या ताईचा डोळा मी दुसऱ्या कोणाच्या हातात का देऊ?

२९ नोव्हेंबर, शनिवार

अर्धी रजा घेतली. बाराला निघाले. ताईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन आणले, काळा चष्मा आणला. तिने तो तिथेच घालून बघितला, "कशी दिसते? खलनायिका?" खरंच दिसत होती! खूप हसलो.

तिने शेवटचा शर्ट पुरा केला. दोरा दाताने तोडला आणि सुई गादीला टोचून ठेवली. "महिनाभर सुट्टी," म्हणाली. मग बराच वेळ एकेक वस्तू बघत बसली. माझ्याकडे पण.

"काय बघतेस?"

"काही नाही. मिशी आलीय तुला थोडी."

१ डिसेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी साडेसहाला दाखल केली. ड्रॉप्स मीच घातले. ताई माझा हात सोडेना. एवढी मोठी बाई, कोणाला न घाबरणारी, बोटं बर्फ. "बस ना जरा." बसले. दर दहा मिनिटांनी ड्रॉप्स, मध्ये ती लहानपणचं काहीबाही बोलत राहिली. सात वाजून गेले, साडेसात झाले. आज नळी लावायला वेळच मिळाला नाही. शनिवारी सकाळी साडेबासष्टच होतं, दोन दिवसांत काय होतंय.

आठला आत घेतली. भूल फक्त डोळ्यापुरती, जागी होती. कापडाखालून म्हणाली, "बुटके, आहेस ना?" "आहे." सर पण बोलले, "ताई, निवांत पडा, तुमची बहीणच आज राज्य करतेय."

"तीस."

चौदा केलं. "तीस."

सरांनी जेली ओढायला सुरुवात केली. मिनिटभरात थांबले. "डोळा मऊ लागतोय. किती आहे?"

"तीस, सर."

"चाळीस करा."

चोवीस केलं. "चाळीस."

"चेपतोय! सिस्टर, चेपतोय, किती आहे?"

"चाळीस!"

सरांनी मान वर केली नाही. मी स्क्रीनकडे बघत होते, चोवीस, चोवीस म्हणजे चाळीस, चाळीसला डोळा चेपत नाही, कसा चेपेल! नळी बघितली. पीळ नाही. बाटली भरलेली. आणि मग मायक्रोस्कोपला जोडलेल्या टीव्हीवर मागून एक काळी गाठ वर यायला लागली. हळू. आतून कोणी फुगा फुगवावा तशी. सतरा वर्षांत दोनदा बघितलीय मी ती. मागची रक्तवाहिनी फुटली की येते.

"साठ! साठ करा!"

चव्वेचाळीस. "साठ."

नंतरचं लिहवत नाही. सरांनी भराभर सगळं बंद केलं. कापडाखालून ताई म्हणाली, "झालं का एवढ्यात?"

२ डिसेंबर, मंगळवार

पट्टी मी काढली. खिडकी उघडी, ऊन थेट तिच्या तोंडावर.

ती वाट बघत बसली होती, हनुवटी वर करून. मग म्हणाली, "काढ की गं. किती वेळ लावतेस!"

पट्टी माझ्या हातात होती.

४ डिसेंबर, गुरुवार

सर म्हणतात, वय, रक्तदाब, नशीब. लाखात एखाद्याला होतं. डोळ्यात साठलेलं रक्त काढून बघू पंधरा दिवसांनी, पण आशा धरू नका. माझ्याकडे न बघता बोलतात.

ताई रडत नाही. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेली, परत आली, पावलं मोजली. चौदा. पावलंसुद्धा चौदाच!

मी मात्र पेटलेय. ती मशीन! सोळाचा फरक वाढून आणखी काय झालं असेल त्या दिवशी? का उलटा फिरला? मला मोजायचंय. उद्या सातला मोजणार, टेपसकट फोटो काढणार, आणि सरांच्या टेबलावर आपटणार. नोकरी गेली खड्ड्यात. ड्रायव्हरच्या भावाकडे मी स्वतः जाईन. त्या मशीनने माझी ताई आंधळी केली.

५ डिसेंबर, शुक्रवार

एक्केचाळीस.

तीनदा केलं. तीस दाबलं की एक्केचाळीस. केसभर कमी नाही, जास्त नाही.

सर मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही. हात जोडल्यासारखे करून म्हणाले, "सिस्टर, आता मशीनला दोष देऊ नका हो. शनिवारी दुपारी कंपनीच्या माणसाला परत बोलावून मी स्वतः उभं राहून सेन्सर बदलून घेतला. तुमचे सोळा त्याला दाखवले. सोमवारी ताईंची केस होती म्हणून तर!"

सोमवारी मी चौदा दाबलं होतं.

घरी आले. टेप ताईच्या हातात दिली. बोटांनी चाचपून ओळखली, खूश झाली. म्हणाली, "ऑपरेशनभर तुझा आवाज ऐकत होते बघ. तीस, चाळीस. मनात म्हटलं, बुटकी आहे. जे झालं ते झालं, पण दुसरं कोणी असतं ना मशीनपाशी, तर जन्मभर शंका राहिली असती."